झळाळत्या रंगाचा हात

मोटारीचें दार कोठेंतरी चेपतें. तें ठोकून सरळ करतात, लांबी भरून घोटतात, कारखान्याच्या क्रमांकाचाच रंग आणून त्यावर फवारतात. आणि वाळल्यावर पाहावें तों शेजारच्या दाराहून तें काळपट दिसतें. चंदेरी गाडी असली म्हणजे पुण्यांतील गॅरेजांत हा प्रकार हटकून घडतो. मालकास वाटतें, रंग बनावट असावा. पण बहुधा रंग अस्सलच असतो. फरक पडलेला असतो तो हातांत. रंगाच्या थरास मराठींत ‘हात’ म्हणतात, तें या बाबतींत अगदीं अक्षरशः खरें आहे.

पहिल्या मोटारी रंगविल्या त्या बग्ग्या रंगविणाऱ्या कारागिरांनींच. कुंचल्यानें एक हात द्यावा, तो वाळेपर्यंत थांबावें, घोटावें, पुन्हां दुसरा द्यावा. असें करतां करतां एका गाडीस कित्येक आठवडे लागत. गाड्या झटपट तयार होऊं लागल्या, रंग मात्र वाळेना. फोर्डची ‘टी’ मोटार १९१४ पासून दहाएक वर्षें केवळ काळ्या रंगांत निघे, त्याच्या मुळाशीं काटकसर होती. तो रंग स्वस्त आणि टिकाऊ होता.

ही कोंडी फोडण्यास मदत झाली एका घशाच्या डॉक्टरची. अमेरिकेंतील टोलेडो शहरीं डॉ. ॲलन डी व्हिल्बिस हे रोग्याच्या घशांत औषध फवारण्याचीं उपकरणें करीत असत. त्यांचे चिरंजीव टॉमस यांनीं १९०७ च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाचा फवारा सिद्ध केला. पुढें १९२३ सालीं ड्यू पाँट कंपनीचा ‘ड्यूको’ रंग मोटारींवर आला आणि आठवड्यांचें काम तासांवर आलें. ही कंपनी मूळची बंदुकीची दारू करणारी. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून स्फोटक कापूस होतो. तीच क्रिया सौम्य प्रमाणांत केली म्हणजे या रंगाचें द्रव्य मिळतें. खडकीच्या कारखान्यामुळें पुणेकरांस दारूगोळ्याचा शेजार १८६९ पासून आहे. पण मोटारीच्या तकाकीचेंहि त्याशीं गोत आहे, हें थोड्यांनाच ठाऊक असेल.

झळाळी आली ती प्रथम माशांपासून. खवल्यांतील चंदेरी द्रव्य काढून कृत्रिम मोतीं करण्याची युक्ति सतराव्या शतकांत पॅरिसच्या एका जपमाळा करणाऱ्यास सांपडली होती. तेंच द्रव्य १९२० नंतरच्या दशकांत धनिकांच्या मोटारींच्या रंगांत पडूं लागलें. तें फार महाग, म्हणून पुढें त्याची जागा ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म पत्र्यांनीं घेतली. हे पत्रे बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून विसाव्या भागापर्यंत रुंद, आणि जाडी त्याहून कितीतरी कमी.

बर्फीवर वर्ख सपाट बसला तर लखलखतो, चुरगळला तर करडा दिसतो. या पत्र्यांचें तसेंच आहे. पृष्ठभागाशीं समांतर निजले तर समोरून उजळ. वेडेवांकडे उभे राहिले तर काळपट. जाड, ओला हात दिला कीं ते मनमुराद तरंगतात, कोठें गोळा होतात, आणि ढग उठतात. ओघळ येतात ते वेगळेच. उलट फारच कोरडा फवारा मारला तर रंग फिका आणि खरबरीत होतो. म्हणून रंग झांकत नाहीं असें दिसतांच जास्त ओतण्याचा मोह होतो, तोच घातक. जाणता कारागीर पातळ हात देतो, प्रत्येक हात निथळूं देतो, आणि प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर निदान निम्मा चढवितो. फवारा पत्र्यापासून वीतभर किंवा किंचित् कमी, पंधरा ते वीस सेंटिमीटरवर, काटकोनांत. मनगट वळलें कीं मधें गर्द आणि कडेला विरळ. शेवटीं थोडें दूर सरून, दाब कमी करून, एक अगदीं हलका हात सगळीकडे सारखा फिरवितो. ढग मोडतात ते त्यानें. तांबडा, निळा असे पारदर्शक झळाळते रंग लवकर झांकत नाहींत. त्यांच्याखालीं जुळत्या छटेचा अस्तर-रंग दिला तर पुष्कळ हात वांचतात. आणि डबा सारखा ढवळावा लागतो, कारण पत्रे तळाशीं बसतात.

पुण्यास ही विद्या विशेष लागली, कारण मोटारींचा उद्योगच येथें येऊन बसला. आकुर्डीस बजाज, पिंपरीस १९६६ पासून टेल्को. १९९५ मध्यें तेथेंच मर्सिडीझ जोडली जाऊं लागली, आणि १९९८ अखेर इंडिका आली. चाकणचे कारखाने त्यानंतरचे. आधुनिक कारखान्यांत रंग यंत्राचे हात मारतात. विद्युद्भारानें रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात, आणि चकत्या निजतात त्या त्या यंत्राच्या रीतीनें. गॅरेजांतील माणसास तीच रीत साध्या फवाऱ्यानें साधावयाची असते. म्हणून नवा रंग दाराच्या कडेवर न तोडतां तो शेजारच्या पत्र्यावर विरत नेतो, आणि वर स्वच्छ लॅकरचा हात देतो.

जुन्या ड्यूकोस पुण्याचा पावसाळा सोसत नसे. थिनर उडतांना पत्रा गार होई, दमट हवेंतील पाणी त्यावर धरे आणि रंग पांढरा पडे. मग हळू उडणारें थिनर घालावें लागे, नाहींतर उघाड पाहावी लागे. आजचे दोन द्रव्यें मिसळून लावण्याचे रंग या दोषापासून बरेच मुक्त आहेत. पण त्यांच्या घट्ट करणाऱ्या द्रव्यांत आयसोसायनेट असतो, तो श्वासांत गेला तर दमा जडूं शकतो, आणि एकदां जडल्यावर त्याचा अंशहि पुन्हां सोसवत नाहीं. नाकातोंडास बांधलेल्या फडक्यानें तो अडत नाहीं. त्यास बाहेरची हवा नळीनें पुरविणारा मुखवटा लागतो, आणि हवा खेंचून गाळणारी बंद खोली लागते. कारखान्यांत हीं साधनें असतात. पत्र्याच्या शेडमध्यें चंदेरी दारावर शेवटचा हलका हात फिरविणाऱ्यापाशीं पुष्कळदां तें फडकेंच असतें.