पिंजऱ्यातील मनोली : एक नाव व एक क्रियापद

जुन्नर तालुक्यातील राजुरी हे गाव आळेफाट्याच्या पूर्वेस वसलेले आहे. या भागात बाजरी निसवली, की पाखरे राखण्याचे काम सुरू होते. माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्यास मनोली ही दाण्याची चोर वाटते. तिच्याच कुळातील परदेशी फिंच मात्र कोणी हौसेने पिंजऱ्यात ठेवून तिला राळे चारतो. या दोन संबंधांतील अंतराचा इतिहास पक्ष्यांच्या नावांत कसा उमटला आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७५ साली मुंबईहून जुन्नरास आला होता, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. जुन्नर तेव्हा मोगलांकडे होते, व तेथील अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून तो आला. परततांना तो नाणेघाट उतरला. त्याच्या १६९८ साली छापल्या गेलेल्या प्रवासवृत्तात अहमदाबादेहून येणाऱ्या चिमुकल्या, तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या पक्ष्यांचा उल्लेख आहे : एकेका पिंजऱ्यात पन्नास, एकाने आरंभ करावा व इतरांनी साथ धरावी. ही आपली लाल मनोली होय. नराचा लाल रंग विणीच्या हंगामापुरताच. एरवी तो मादीसारखाच मातकट दिसतो.

या पक्ष्यास इंग्रजीत प्रथम ‘अमदावात’ व पुढे ‘अवदावात’ असे नाव पडले. शहराचे गुजराती रूप ‘अमदावाद’. त्यातील अंत्य ‘द’चा ‘त’ झाला, आणि पुढील ‘व’च्या प्रभावाने ‘म’चाही ‘व’ झाला असावा. येथे आपणांस ग्राम–गाव, नाम–नाव या परिवर्तनाची आठवण होते. परंतु तो मोह आवरला पाहिजे, कारण हा बदल परकीयांच्या मुखातला आहे. १७५८ साली लिनियसने हेच नाव ‘अमंदवा’ या लॅटिन रूपात शास्त्रात कायम केले. वस्तुतः हा पक्षी सिंधपासून जावापर्यंत गवताळ, पाणथळ प्रदेशांत राहतो. अहमदाबाद हे त्याचे घर नव्हे, पेठ होय. म्हणजे या नावात व्यापाराचा पत्ता आहे, पक्ष्याचा नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. इंग्रजीत ज्यास ‘बेंगालीज फिंच’ म्हणतात, त्यास फ्रेंच व जर्मन लोक जपानचा पक्षी म्हणतात. सत्य दुसऱ्या नावाच्या बाजूचे आहे. पांढऱ्या पाठीची मनोली अठराव्या शतकात चीनमधून जपानात गेली, आणि तेथील घरांत पिढ्यान्‌पिढ्या वीण होऊन हा माणसाळलेला वाण तयार झाला. याच जातीची रानटी मनोली सह्याद्रीतही आढळते. आपल्याकडे मनोल्यांचा व्यापार शतकानुशतके झाला. पण तो रानातून धरलेल्या पक्ष्यांवर चालला. पिंजरा रिकामा झाला, की पुन्हा जाळे. जपानात त्याच काळात घरच्या पिंजऱ्यातच पुढची पिढी जन्मत होती.

या घरगुती विणीचा परिणाम भाषाभ्यासकांनी अवश्य लक्षात घ्यावा असा आहे. काझुओ ओकानोया या जपानी संशोधकाने रानटी मनोली व तिचे पाळीव वंशज यांच्या गाण्यांची तुलना केली. रानटी नराच्या गाण्यात स्वरखंडांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पाळीव नर मात्र तेच खंड निरनिराळ्या क्रमांनी जोडतो. विशेष हे, की पाळणाऱ्यांनी निवड केली ती पांढऱ्या पिसांची व पिले नीट वाढविण्याच्या गुणाची, गाण्याची नव्हे. शत्रूचे भय व अन्नाची वणवण सरल्यामुळे गाण्यास मोकळीक मिळाली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते सर्वमान्य नाही. शिवाय या क्रमास ‘वाक्यरचना’ म्हणतांना हेही ध्यानात ठेवावे, की त्यातील खंडांस शब्दांसारखा अर्थ नाही.

घरी फिंचची वीण करविणे फारसे अवघड नाही. ऑस्ट्रेलियातील मूळची झेब्रा फिंच टांगलेल्या लहान गाडग्यात काथ्या व गवत भरून घरटे करते, बहुधा चार ते सहा अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने उबवितात. सुमारे दोन आठवड्यांनी पिले निघतात व आणखी तीन आठवड्यांत घरट्याबाहेर येतात. नर पिलू बापाचे गाणे ऐकूनच गाणे शिकते.

मराठीत या दोन्ही व्यवहारांस एकच क्रियापद आहे : पाळणे. संस्कृत ‘पाल्’ धातूतील रक्षणाचा अर्थ त्यात आहेच. त्यामुळे धरून आणून कोंडलेल्या मनोलीसही आपण ‘पाळलेली’ म्हणतो, आणि जाळे त्या शब्दाआड दडते. कायद्याने हा भेद केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर निर्बंध वाढत गेले, व १९९१ पर्यंत देशी रानपक्ष्यांचा व्यापार पूर्णपणे निषिद्ध झाला. आज मनोली धरून पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. झेब्रा फिंचची घरी पैदास करणे हा गुन्हा नाही. ‘पैदास’ हा फारसी शब्द आपल्याजवळ आहे, तथापि तो गुरे व घोडे यांच्यासाठी राखून ठेवल्यासारखा वापरला जातो. पाखरांच्या बाबतीत आपण अद्याप पाळतोच.