परळची लस

काळाचौकीच्या शेजारीं, परळास, गव्हर्नरांच्या जुन्या वाड्यांत हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगाचे जंतु मांसरसांत वाढवून उष्णतेनें मारले, आणि 10 जानेवारी 1897 रोजीं ती लस प्रथम स्वतःसच टोचून घेतली.

पुढें 1902 सालीं पंजाबांतील मुलकोवाल येथें एकाच बाटलींतील लशीनें 19 माणसें धनुर्वातानें दगावलीं. खापर परळच्या प्रयोगशाळेवर फुटलें. वस्तुतः बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो ज्योतींत न धरतांच वापरला गेला. इतकी सरळ गोष्ट, पण निर्दोष ठरण्यास 1907 साल उजाडावें लागलें! हा विलंब आम्हांस अक्षम्य वाटतो. संस्थेस हाफकिन यांचें नांव मिळालें 1925 सालीं. तेव्हां ते हिंदुस्थान सोडून युरोपांत राहत होते.