दीर्घायुष्याचे ग्रंथ आणि तिशीतला मृत

इ.स. १९७३ मध्ये चीनच्या हुनान प्रांतात, मावांगदुई येथे, इ.स.पू. १६८ मधील एका सरदारपुत्राचे थडगे उघडण्यात आले. आत लाखेचा लेप दिलेल्या पेटीत रेशमावर व बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले ग्रंथ होते. त्यांत औषधोपचार, श्वसनसाधना आणि कामशास्त्र एकत्रच नांदत होते.

या परंपरेत ‘जिंग’ हे देहाचे मूलसत्त्व. त्याचा अपव्यय म्हणजे आयुष्याचा क्षय. संयमित समागमातून त्याचे रक्षण म्हणजे आरोग्य. ताओ पंथाने हाच विचार पुढे जोपासला. मात्र चौथ्या शतकातील ताओवादी गे होंग याने दोन्ही टोके नाकारली: संपूर्ण ब्रह्मचर्याने व्याधी जडतात आणि केवळ कामसाधनेने अमरत्व लाभत नाही.

मावांगदुईच्या थडग्यातील तो ग्रंथस्वामी मात्र सुमारे तिशीतच निवर्तला होता.