समरुंद फॉन्ट (ठळक तिरपा, सेरिफविरहित)

प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा, टोकांना शेपट्या नसलेला, जाड आणि उजवीकडे कललेला फॉन्ट. मूळ टाइपरायटरमध्ये : कोणतीही कळ दाबा, गाडी एकाच अंतराने सरकते, पायका मापात इंचाला १० अक्षरे. रोमनमध्ये ‘आय’ला पाया जोडून रुंद करतात, ‘एम’ मात्र दाटीवाटीने बसवावा लागतो. ठळक करताना रेघ आतल्या बाजूने फुगवावी लागते, म्हणून पोकळ्या बुजण्याची भीती.

देवनागरीला ही शिस्त जाचकच. मराठी टाइपरायटरवर ‘घ’ एका कळीत येत नसे. अर्धा ‘घ्’ आणि मग काना. उकार, अनुस्वार यांच्या कळा गाडी न हलवता उमटत. शिरोरेषेत फटी राहत. कचेरीत प्रतिज्ञापत्र टंकून घ्यायला आलेल्या माणसाला हेच वळण परिचयाचे असे. गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५ मध्ये आणला. अशा यंत्रावर ठळक छपाई म्हणजे मागे येऊन तीच कळ पुन्हा दाबणे. तिरपेपणा नाहीच, त्याऐवजी अधोरेखन.

आज उपयोग मुख्यतः संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये. डेजाव्हू सॅन्स मोनो या समरुंद फॉन्टच्या ठळक तिरप्या अवतारात अक्षराची रुंदी साध्याइतकीच असते, त्यामुळे प्रोग्रॅममधल्या टिपा वेगळ्या उठून दिसतात, पण स्तंभ हलत नाहीत. सलग मजकुरासाठी तो वापरू नये, डोळे शिणतात. देवनागरी तिरपी करताना शिरोरेषा आडवीच राहते, कलतात त्या उभ्या रेघा.