स्थलांतरितांचे रोगसर्वेक्षण : बेहाला

कामासाठी गाव सोडून आलेल्या लोकांमधील ताप, जुलाब, पुरळ, कावीळ अशा लक्षणांवर सतत लक्ष ठेवून साथ पसरण्याआधीच तिचा सुगावा लावणे, म्हणजे स्थलांतरितांचे रोगसर्वेक्षण. कोलकात्याच्या नैऋत्येला डायमंड हार्बर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेले बेहाला हे उपनगर १९८४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेत सामील झाले. तेव्हापासून जुनी बैठी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत आणि या रस्त्यावरूनच जोका मेट्रोचा उन्नत मार्ग गेला आहे. ही कामे करणारे गवंडी आणि बिगारी बरेचसे मुर्शिदाबाद, मालदा आणि सुंदरबनाकडून येतात.

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात बेहालाचे नाव आले ते मात्र वेगळ्या कारणाने. जुलै १९८८ मध्ये येथील शेकडो लोकांच्या पायांतली शक्ती गेली. रेशनवर मिळालेल्या मोहरीवर्गीय खाद्यतेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. या विषाचा मज्जातंतूंवरील परिणाम एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, त्यामुळे आधी काय खाल्ले याचा माग लागणे अवघड जाते. तरीही अशा प्रकरणात कार्डधारक एका वस्तीतले असतात आणि दुकानही ठरलेले असते, म्हणून रुग्ण आणि तेल यांची सांगड घालता येते. साथ ओळखण्याचे निम्मे काम पत्ताच करतो. गावी रेशनकार्ड ठेवून आलेल्या मजुराच्या बाबतीत नेमका हाच दुवा नसतो. सर्वेक्षणाची सगळी अडचण इथून सुरू होते.

हिवतापाचे उदाहरण घेऊ. नव्या स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देण्यासाठी, मातीचे वा सिमेंटचे वाफे करून पाणी साठवतात. लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचे पाणी तुंबते, पिंपे आणि टाक्या उघड्या असतात. शहरी हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस स्टीफेन्सी डासाला हे सगळे सोयीचे, आणि डेंग्यूच्या एडिस डासालाही. मजूर त्याच इमारतीच्या तळमजल्यावर मच्छरदाणीशिवाय झोपतो. ताप आला की औषधाच्या दुकानातून गोळी घेतो, कारण खाडा पडला की रोजंदारी बुडते. ताप उतरला नाही तर गाडी पकडून गावी जातो. डास चावल्यापासून फाल्सिपेरम हिवतापाचा ताप यायला साधारण ९ ते १४ दिवस लागतात, आणि व्हायव्हॅक्स तर काही महिन्यांनीही उलटतो. त्यामुळे लागण बेहालात होते आणि रुग्णाची नोंद मुर्शिदाबादेत. दोन्ही ठिकाणचे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, पण साथीचे चित्र कुठेच उमटत नाही. महापालिकेच्या वॉर्डांतील दवाखान्यांत रक्ततपासणी फुकट होते. मात्र दवाखान्याच्या वेळेत मजूर परांचीवर असतो.

यावरचा उपाय भारतात सापडलेला आहे, तोही पोलिओच्या निमित्ताने. पोलिओ मोहिमेने घरांच्या यादीवर विसंबणे सोडले आणि वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांचे तळ व झोपडपट्ट्या यांची वेगळी यादी केली. तिथे माणूस बदलला तरी जागा यादीत राहते. देशातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हुगळीपलीकडच्या हावडा जिल्ह्यात आढळला. दुसरे साधन सांडपाण्याचे. मुंबईत २००१ पासून गटारांतील पाण्याचे नमुने तपासले जाऊ लागले. शहरात लुळा पडलेला एकही रुग्ण नसताना विषाणू सापडे आणि त्याच्या जनुकीय रचनेवरून तो उत्तर प्रदेश-बिहारकडून आल्याचे कळे. कोणाचे नाव विचारावे लागत नाही, की कोणाला रांगेत उभे करावे लागत नाही. पुढे कोलकात्यातही ही पद्धत आली. बेहालाला लागून असलेल्या मेटियाबुरूजच्या सांडपाण्यात २०२२ मध्ये लसजन्य पोलिओ विषाणू आढळला, तो याच तपासणीत.

नाव विचारण्याची धास्ती निराधार नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंबईहून निघालेल्या प्रवाशांना कल्याणला उतरवून जांघा-बगला चाचपल्या जात. लोकांनी आडवाटा धरल्या, आजारी माणसे लपवली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटताच लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत खानदेशातले मराठी कामगारही होते. तपासणी म्हणजे पकडापकडी असा समज एकदा झाला, की तापाचा रुग्ण दवाखान्याऐवजी स्टेशन गाठतो. म्हणून आजाऱ्याचा खाडा भरून देण्याची हमी ही दयेची बाब मानू नये, तो सर्वेक्षणाचाच भाग आहे. ती नसेल तर मुकादमाकडून तापाची खरी नोंद मिळणार नाही.

२००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात आरोग्यसेवक लक्षणे, डॉक्टर संशयित निदान आणि प्रयोगशाळा खात्रीचे निदान कळवते. रचना चांगली आहे, पण तिची सुरुवात रुग्ण सरकारी यंत्रणेपर्यंत पोचल्यावर होते. बेहालाच्या उत्तर टोकाचा माजेरहाट पूल ४ सप्टेंबर २०१८ रोजी कोसळला, तेव्हा मृतांत मेट्रोच्या कामावरचे आणि पुलाखालीच राहणारे मजूर होते. मजुरांचा असा तळ पूल पडल्यावरच चर्चेत येत असेल, तर तिथल्या तापाची खबर कोण देणार? बांधकामाला परवानगी देतानाच मजुरांच्या राहण्याची जागा वॉर्डाच्या आरोग्य कार्यालयाला कळवणे सक्तीचे करावे. महापालिकेला एवढे करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही.

या मजुराला कायद्याचा आधारही नव्हता. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीच्या १९७९ च्या कायद्याने मजुरांना वैद्यकीय सोय पुरवण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती. मुर्शिदाबादहून बेहालात आलेल्या गवंड्याला तो कायदा लागू होत नव्हता, कारण त्याने राज्याची हद्द ओलांडलेली नसते.