लाउडस्पीकरचे दोन धनी

वडिलांनीं हौसेनें घेतलेला व्हाल्वचा अँप्लिफायर अद्याप चालू स्थितींत आहे; मुलानें नवा ट्रॅन्झिस्टरचा आणला आहे; आणि दिवाणखान्यांत लाउडस्पीकरची जोडी मात्र एकच. अशा घरांत एक प्रश्न हटकून निघतो : दोन्ही यंत्रांच्या तारा त्या एकाच जोडीला बांधल्या, तर काय बिघडलें? याचें उत्तर इतिहासांत शोधणें उद्बोधक होईल.

इ. स. १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या संशोधकांनीं कागदी शंकूचा व चुंबकाच्या क्षेत्रांत हलणाऱ्या वेटोळ्याचा लाउडस्पीकर विद्वानांपुढें मांडला. आजचे बहुतेक लाउडस्पीकर त्याचेच वंशज होत. त्याला पुरेशी शक्ति मिळावी म्हणून त्यांनीं एक वॅटचा अँप्लिफायरहि योजला. पुढच्याच वर्षीं ‘रेडिओला’ या नांवानें तो बाजारांत आला, तेव्हां अँप्लिफायर पेटींतच होता. एकाला एक, असा हा संसार जन्मापासूनचा आहे.

१९२७ सालच्या ऑगस्टांत बेल टेलिफोन प्रयोगशाळेचे हॅरल्ड ब्लॅक हे हडसन नदीवरील आगबोटींतून कामावर जात असतां त्यांना एक युक्ति सुचली, व ती त्यांनीं हातांतील वर्तमानपत्राच्या पानावरच टिपून ठेविली. अँप्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या लहरींचा थोडा अंश उलट करून पुन्हां आंत सोडावयाचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच सुधारतें. हेतु टेलिफोनचा होता. पण पुढें घरगुती संगीतयंत्रांनींहि ही युक्ति उचलली.

आपल्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. असा अँप्लिफायर आपल्या टोकांवर दुसऱ्या कोणाचा दाब चालूं देत नाहीं. परका दाब ही त्याच्या लेखीं चूकच. लाउडस्पीकरचा रोध बहुधा चार ते आठ ओहम, तर ट्रॅन्झिस्टर-यंत्राचा अंतर्गत रोध एका ओहमाहूनहि पुष्कळ कमी. तेव्हां दोन यंत्रें एकत्र बांधलीं कीं प्रवाह लाउडस्पीकर सोडून समोरच्या यंत्रांतच शिरतो, आणि ट्रॅन्झिस्टर क्षणांत जळण्याचा संभव असतो. एक यंत्र बंद ठेविलें तरी निर्धास्त राहतां येत नाहीं.

उपाय स्वस्त आहे. मध्यें असा स्विच बसवावा, कीं जो एका यंत्राच्या तांबड्या व काळ्या अशा दोन्ही तारा पूर्ण तोडून मगच दुसऱ्याच्या जोडील. काळी तार सामाईक ठेवूं नये. कित्येक यंत्रांत ती जमिनीशीं जोडलेली नसते. व्हाल्वच्या यंत्राची गोष्ट निराळी. चालू असतां त्याच्या ट्रॅन्सफॉर्मरला मोकळीं टोकें सोसत नाहींत. म्हणून स्विच फिरविण्यापूर्वीं दोन्ही यंत्रें बंद करावीं, व लाउडस्पीकर ज्याच्याकडे, तेवढेंच सुरू करावें.

इतकें पथ्य पाळलें, तर जुनें यंत्र व नवें यंत्र एकाच घरांत सुखानें नांदतील. मात्र बोलावयाचें तें पाळीपाळीनें.