आयोडीन पूरके आणि अवटू ग्रंथीवरील औषधे

आयोडीन पूरके म्हणजे आहारातील आयोडीनची उणीव भरून काढण्यासाठी गोळ्या, थेंब किंवा चूर्ण या स्वरूपात घेतले जाणारे आयोडीन. अवटू ग्रंथी (थायरॉईड ग्रंथी) आपली संप्रेरके आयोडीनपासून तयार करते. त्यामुळे या ग्रंथीच्या विकारांवर औषध घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात जाणाऱ्या आयोडीनचे प्रमाण एकाएकी वाढले, तर विकाराचे स्वरूप, औषधाचा परिणाम आणि आवश्यक मात्रा यांत बदल होऊ शकतो. हा बदल सर्व रुग्णांत सारखा नसतो. तो विकार कोणता आहे, औषध कोणते आहे आणि ग्रंथीचा किती भाग कार्यक्षम आहे, यांवर अवलंबून असतो. रोजच्या स्वयंपाकातील आयोडीनयुक्त मीठ आणि औषधासारखी घेतली जाणारी पूरके यांतील आयोडीनच्या प्रमाणात मोठे अंतर असल्याने या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

अवटू ग्रंथीचे कार्य

अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना असते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारणपणे १५ ते २० मिलिग्रॅम आयोडीन असते आणि त्यातील बहुतांश भाग या ग्रंथीत साठवलेला असतो. रक्तातील आयोडाइड ग्रंथीच्या पेशी ओढून घेतात. थायरॉईड पेरॉक्सिडेज या विकराच्या साहाय्याने ते प्रथिनातील टायरोसीन या घटकाशी जोडले जाते आणि त्यातून दोन संप्रेरके तयार होतात. थायरॉक्सिनच्या (टी-४) रेणूत आयोडीनचे चार अणू, तर ट्रायआयोडोथायरोनिनच्या (टी-३) रेणूत तीन अणू असतात. शरीरातील चयापचय, उष्णता, हृदयाची गती, तसेच गर्भाच्या व बालकाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकांवर अवलंबून असते.

ग्रंथीच्या कार्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे नियंत्रण असते. रक्तातील संप्रेरके कमी झाली की पीयूषिकेतून टीएसएच हे उद्दीपक संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. ती वाढली की टीएसएच कमी होते. म्हणूनच उपचारांची मात्रा ठरवताना रक्तातील टीएसएचची पातळी मोजली जाते.

दैनंदिन गरज

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दररोज १५० मायक्रोग्रॅम, ६ ते १२ वर्षे वयाच्या मुलांना १२० मायक्रोग्रॅम, तर गर्भवती व स्तनदा मातांना २५० मायक्रोग्रॅम आयोडीन आवश्यक असते. समुद्री मासे, दूध, दही, अंडी आणि आयोडीनयुक्त मीठ हे त्याचे नेहमीचे स्रोत आहेत. समुद्रशैवालात आयोडीन पुष्कळ असते, परंतु जातीनुसार त्याचे प्रमाण कित्येक पटींनी बदलते.

प्रौढांनी दररोज घ्यावयाच्या आयोडीनची सुरक्षित कमाल मर्यादा अमेरिकेत ११०० मायक्रोग्रॅम, तर युरोपात ६०० मायक्रोग्रॅम मानली जाते. लुगोलचे द्रावण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या तीव्र द्रावणाच्या एकाच थेंबात काही मिलिग्रॅम, म्हणजे काही हजार मायक्रोग्रॅम आयोडीन असते. शैवालापासून बनवलेल्या गोळ्यांतही रोजच्या गरजेपेक्षा खूप जास्त आयोडीन असू शकते.

इतिहास

फ्रेंच रसायनतज्ज्ञ बेर्नार कूर्त्वा यांनी १८११ मध्ये समुद्रशैवालाच्या राखेतून आयोडीन वेगळे केले. त्यानंतर १८२० मध्ये जिनिव्हा येथील वैद्य झाँ-फ्रांस्वा क्वांदे यांनी गलगंडावर आयोडीनचा उपयोग सुरू केला. अनेक रुग्णांचा गलगंड कमी झाला. मात्र काहींना धडधड, वजन घटणे आणि कंप ही लक्षणे जाणवू लागली. आयोडीनमुळे उद्भवणाऱ्या या अतिक्रियतेला पुढे योड-बासेडो परिणाम हे नाव मिळाले.

जर्मन शास्त्रज्ञ ओयगेन बाउमान यांनी १८९० च्या दशकात अवटू ग्रंथीत आयोडीन असल्याचे दाखवले. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात मिळवले आणि १९२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन व जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज दिले जाणारे लेव्होथायरॉक्सिन हे औषध म्हणजे हेच संप्रेरक होय. जॅन वुल्फ आणि इस्रायल चायकॉफ यांनी १९४८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, आयोडीनचे प्रमाण फार वाढल्यास ग्रंथी संप्रेरकनिर्मिती तात्पुरती थांबवते.

अतिरिक्त आयोडीनचे परिणाम

अतिरिक्त आयोडीनमुळे दोन परस्परविरुद्ध परिणाम संभवतात.

अल्पक्रियता: वुल्फ-चायकॉफ परिणामामुळे संप्रेरकनिर्मिती मंदावते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत आयोडाइड आत घेण्याचे प्रमाण घटवून या अवस्थेतून बाहेर पडते. हाशिमोटो विकारासारखा स्वयंप्रतिकार विकार असलेल्या, पूर्वी किरणोत्सारी आयोडीनचे उपचार झालेल्या किंवा ग्रंथीचा काही भाग काढलेल्या व्यक्तींमध्ये ही क्षमता कमी असते. गर्भ आणि नवजात अर्भक यांच्यातही ती पूर्ण विकसित नसते.

अतिक्रियता: ज्यांच्या ग्रंथीत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गाठी असतात किंवा ज्यांनी दीर्घकाळ आयोडीनची कमतरता सोसलेली असते, त्यांच्यात वाढीव आयोडीनमुळे संप्रेरके अनियंत्रितपणे तयार होऊ शकतात. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर १९६६ मध्ये पावात आयोडीन मिसळण्यास सुरुवात झाल्यानंतर अशा रुग्णांची संख्या काही काळ वाढली होती.

चीनमधील तीन प्रदेशांची तुलना करणारा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयोडीनचे सेवन गरजेपेक्षा अधिक आणि अत्यधिक असलेल्या प्रदेशांत अल्पक्रियता आणि स्वयंप्रतिकार विकार अधिक प्रमाणात आढळले. अर्थात कमतरतेचे दुष्परिणाम याहून गंभीर असल्याने मिठातून आयोडीन देण्याच्या धोरणाला यामुळे बाध येत नाही.

लेव्होथायरॉक्सिन आणि आयोडीन

अल्पक्रियतेवर लेव्होथायरॉक्सिन दिले जाते. आयोडीन हा संप्रेरकाचा कच्चा माल आहे, तर लेव्होथायरॉक्सिन हे तयार संप्रेरक आहे. त्यामुळे आयोडीन पूरक हे या औषधाला पर्याय ठरत नाही. शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढली असल्यास कितीही आयोडीन घेतले तरी त्याचे संप्रेरकात रूपांतर होऊ शकत नाही. हाशिमोटो विकारात ग्रंथीची हानी आयोडीनच्या अभावामुळे नव्हे, तर शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेमुळे होते. तेथे जास्त मात्रेचे आयोडीन विकार वाढवू शकते. उरलेल्या ग्रंथीचे काम त्यामुळे आणखी घटल्यास औषधाची पूर्वीची मात्रा अपुरी पडते. याउलट, ग्रंथीत गाठी असल्यास औषध आणि वाढीव आयोडीन यांच्या एकत्रित परिणामाने संप्रेरकांचे प्रमाण वाजवीपेक्षा जास्त होऊ शकते.

लेव्होथायरॉक्सिनच्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग आयोडीनचा असतो. १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत सुमारे ६४ मायक्रोग्रॅम आयोडीन असते आणि शरीरात संप्रेरकाचे विघटन होताना ते मोकळे होते.

आयोडीन स्वतः लेव्होथायरॉक्सिनच्या आतड्यातील शोषणात अडथळा आणत नाही. मात्र अनेक जीवनसत्त्व-खनिजांच्या गोळ्यांत आयोडीनसोबत लोह आणि कॅल्शियमही असते. ही खनिजे औषधाशी बांधली जाऊन त्याचे शोषण घटवतात. म्हणून अशा गोळ्या आणि लेव्होथायरॉक्सिन यांत किमान चार तासांचे अंतर ठेवले जाते. हे औषध सामान्यतः सकाळी उपाशीपोटी, केवळ पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घेतात. दूध, चहा किंवा कॉफीबरोबर घेत नाहीत.

अतिक्रियतेवरील औषधे आणि आयोडीन

कार्बिमॅझोल, मेथिमॅझोल आणि प्रोपिलथायोयुरॅसिल ही औषधे थायरॉईड पेरॉक्सिडेजच्या कार्यात अडथळा आणून नव्या संप्रेरकांची निर्मिती रोखतात; आधीच साठलेल्या संप्रेरकांवर त्यांचा परिणाम होत नाही. ग्रंथीत आयोडीनचा साठा मोठा असेल, तर या औषधांचा गुण येण्यास अधिक काळ लागतो आणि अधिक मात्रा द्यावी लागू शकते. म्हणून अतिक्रियतेच्या रुग्णांना आयोडीनच्या गोळ्या, थेंब आणि शैवालयुक्त पूरके टाळण्याचा सल्ला दिला जातो.

असे असले तरी आयोडीनचा उपयोग अतिक्रियतेच्या उपचारांतही होतो. अमेरिकी वैद्य हेन्री प्लमर यांनी १९२३ मध्ये ग्रेव्हज विकाराच्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी आयोडीन देण्याची पद्धत प्रचारात आणली. मोठ्या मात्रेतील आयोडीन ग्रंथीतून संप्रेरके बाहेर पडणे तात्पुरते रोखते आणि ग्रंथीतील रक्तपुरवठा घटवते. हा परिणाम काही आठवडेच टिकतो. अतिक्रियतेच्या प्राणघातक तीव्र अवस्थेतही आयोडीन देतात. परंतु आधी निर्मिती रोखणारे औषध देऊन त्यानंतर किमान एक तासाने आयोडीन दिले जाते. हा क्रम उलटल्यास दिलेले आयोडीन नवी संप्रेरके तयार करण्यासाठी वापरले जाण्याचा धोका असतो. असे उपचार रुग्णालयात, वैद्यकीय देखरेखीखालीच केले जातात.

किरणोत्सारी आयोडीन

अतिक्रियता आणि अवटू ग्रंथीचे काही कर्करोग यांवर आयोडीन-१३१ या किरणोत्सारी समस्थानिकाने उपचार करतात. शरीरात साधे आयोडीन जास्त असल्यास ग्रंथीच्या पेशी किरणोत्सारी आयोडीन पुरेसे घेत नाहीत आणि उपचार निष्फळ ठरू शकतो. त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णांना उपचारापूर्वी एक ते दोन आठवडे, दररोज ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आयोडीन असलेला आहार देतात. आयोडीनयुक्त मीठ टाळावे लागते असा हा मर्यादित काळ असून उपचार संपल्यावर नेहमीचा आहार सुरू केला जातो.

आयोडीनचे इतर वैद्यकीय स्रोत

हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील ॲमिओडॅरोन या औषधाच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीनचा असतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. या औषधाने अल्पक्रियता आणि अतिक्रियता दोन्ही उद्भवू शकतात, म्हणून ते घेणाऱ्यांची टीएसएच चाचणी ठरावीक काळाने केली जाते. सीटी स्कॅन आणि हृदयवाहिन्यांच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या अनेक रंगद्रव्यांतही आयोडीन मोठ्या प्रमाणात असते. जखमेवर लावण्याचे पोव्हिडोन-आयोडीन मोठ्या भागावर वारंवार वापरल्यास त्वचेतून, विशेषतः नवजात अर्भकांच्या त्वचेतून, शोषले जाते.

मनोविकारांवरील लिथियम हे औषधही ग्रंथीचे कार्य मंदावते. त्यासोबत जास्त आयोडीन घेतल्यास अल्पक्रियतेची शक्यता वाढते. आयोडीन पोटॅशियम आयोडाइडच्या रूपात मोठ्या मात्रेत घेतले आणि त्याच वेळी रक्तदाबावरील एसीई-रोधक किंवा पोटॅशियम राखणारी मूत्रल औषधे चालू असतील, तर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

गर्भारपण

गर्भारपणात आयोडीनची आणि संप्रेरकांची गरज वाढते. आयोडीनच्या तीव्र कमतरतेमुळे बालकाच्या बौद्धिक वाढीवर कायमचा परिणाम होतो. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत गर्भवतींना दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीनचे पूरक सुचवले आहे. मात्र लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या किंवा अतिक्रियतेवर उपचार घेणाऱ्या गर्भवतींना हे पूरक सुरू करण्याची आवश्यकता नाही, असेही त्यांत नमूद केले आहे. पूर्वीपासून लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भधारणा झाल्यावर औषधाची मात्रा बहुधा वाढवावी लागते. औषध स्वतःहून बंद केल्यास गर्भाला धोका संभवतो.

देखरेख आणि चाचण्या

लेव्होथायरॉक्सिन शरीरात दीर्घकाळ राहते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्यानंतर टीएसएच चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी केली जाते. पूरक सुरू किंवा बंद केल्याची माहिती डॉक्टरांना नसल्यास बदललेल्या टीएसएचचा चुकीचा अर्थ लावला जाऊन मात्रा विनाकारण बदलली जाण्याची शक्यता असते. केस व नखांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिन हे जीवनसत्त्व चाचणीच्या काही पद्धतींत फसवे निकाल देते. म्हणून चाचणीपूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवतात.

भारतातील स्थिती आणि गैरसमज

हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात गलगंड पूर्वी सर्रास आढळत असे. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून कांगडा खोऱ्यात केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध झाले. भारत सरकारने १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. गलगंडाखेरीज इतर विकारांचाही समावेश करून १९९२ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे करण्यात आले. आयोडीनविरहित मिठाच्या खाण्यासाठीच्या विक्रीवर मे २००६ पासून देशभर बंदी आहे. मिठात आयोडीनचे प्रमाण ग्राहकापर्यंत पोहोचताना दशलक्ष भागांत किमान १५ भाग असावे लागते. १५ भाग आयोडीन असलेल्या १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते.

बोलीभाषेत ‘थायरॉईड आहे’ या एकाच शब्दप्रयोगाने अल्पक्रियता आणि अतिक्रियता या दोन्ही विरुद्ध विकारांचा उल्लेख होतो. त्यातून एका रुग्णाला दिलेला सल्ला दुसऱ्याने अनुसरण्याचे प्रकार घडतात. निदान झाल्यावर काही जण आयोडीनयुक्त मीठ सोडून, एरवी उपवासापुरते वापरले जाणारे सैंधव रोजच्या जेवणात वापरू लागतात. तर काही जण उलट आयोडीनचे थेंब सुरू करतात. सैंधवात मुद्दाम मिसळलेले नसल्यास आयोडीन अत्यल्प असते. एका रुग्णासाठी केलेला असा बदल संपूर्ण घराच्या आहारात झाल्यास त्याच घरातील गर्भवती आणि लहान मुलांना आयोडीनची कमतरता भासू शकते. लेव्होथायरॉक्सिन किंवा कार्बिमॅझोल घेणाऱ्या बहुतेक रुग्णांना स्वयंपाकातील आयोडीनयुक्त मीठ सोडण्याचे कारण नसते. वैद्यकीय सल्ल्याशिवाय टाळावयाची असतात ती मिलिग्रॅमच्या प्रमाणात आयोडीन देणारी पूरके.